‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा, ‘प्रोसीड’ करा, हे लोकांना शिकवणं बंद करा

प्रति,
महाराष्ट्रातील महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, विद्यापीठे व शासकीय विभागांच्या संकेतस्थळांची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी

महोदय/महोदया,

कर भरायचा, परीक्षेचा अर्ज करायचा किंवा निविदा टाकायची म्हटलं की त्या पानाशेजारी एक ‘वापरकर्ता पुस्तिका’ असते. अशा अनेक पुस्तिकांत तिसऱ्या-चौथ्या पानावर ब्राउझरच्या इशाऱ्याचं चित्र छापलेलं असतं. लाल त्रिकोण, ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’, आणि त्यावर बाण काढून लिहिलेलं असतं की आधी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा, मग खालच्या बारीक अक्षरांतलं ‘प्रोसीड’ दाबा. कुठे ‘घाबरू नये’ असंही जोडलेलं असतं. हे पत्र त्या बाणाविरुद्ध आहे.

आम्ही दोन प्रकारची माणसं मिळून हे लिहीत आहोत. काही जण सेवा केंद्रांच्या खिडकीत बसून लोकांचे अर्ज भरतात, काही जण सर्व्हर सांभाळतात. खिडकीवर आलेला माणूस आधार क्रमांक, बँक खातं आणि ओटीपी आमच्या भरवशावर देतो. त्याच्यासमोर लाल पान उघडलं की तो विचारतो, ‘हे काय आलं?’ खरं सांगायचं तर ‘इथे माहिती भरू नका’ असं म्हणावं लागतं. पण अर्जाची मुदत आजच संपत असते.

कोणत्याही एका कार्यालयाचं नाव आम्ही घेत नाही. दुखणं एकाचं नाही.

आधी तो इशारा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण आपल्या अनेक कार्यालयांत त्याला ‘ब्राउझरचा प्रॉब्लेम’ म्हटलं जातं. ब्राउझर साइटकडे सर्टिफिकेट मागतो. (उत्पन्नाचा दाखला नव्हे, सर्व्हरने दाखवायचं ओळखपत्र.) त्यावर तो तीन गोष्टी तपासतो: नाव बरोबर आहे का, मुदत चालू आहे का, आणि देणारी संस्था विश्वासातली आहे का. तिन्हींपैकी एक जरी चुकली तरी लाल पान येतं, आणि कोणती चुकली ते त्याच पानावर करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं. क्रोममध्ये ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदतीची भानगड, ‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर नावाची, ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर देणाऱ्याची. एवढी एक ओळ वाचली तरी निम्मं निदान होतं. पुस्तिकेतल्या चित्रात नेमकी तीच ओळ बहुतेक वेळा कापलेली असते.

आमचेही हात स्वच्छ नाहीत, म्हणून हेही सांगतो. कधी कधी चूक खिडकीतल्या संगणकाची असते. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक बंद-चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच न झालेलं’ दिसतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, तो संगणकही केव्हातरी अडतो. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान मध्ये आलं तरी इशारा येतो. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्याच साइटवर इशारा येत असेल तर घड्याळ, संगणक किंवा वायफाय पाहा. एकाच साइटवर येत असेल, तर तीच साइट मोबाइल डेटावर फोनमध्ये उघडून पाहा. तिथेही आला तर दोष साइटचा. आमच्या बाजूची बॅटरी आम्ही बदलू, ती किरकोळ पैशांत मिळते. आता आपल्या बाजूचं.

पहिली तक्रार त्या बाणाचीच. रस्त्यावरच्या वायफायवर कुणी मध्ये बसून आपल्या साइटचं सोंग घेतलं, तर त्याच्याकडे आपल्या नावाचं खरं सर्टिफिकेट नसतं. तो स्वतःच बनवलेलं दाखवतो, ब्राउझर ते पकडतो आणि लाल पान आणतो. म्हणजे चोराच्या वेळी दिसणारं पान आणि आपली मुदत संपल्यावर दिसणारं पान जवळपास सारखंच. फरक असतो तो त्या करड्या ओळीत. आपण पुस्तिकेतून लोकांना ते पान ओलांडायची सवय लावली, की चोराचं काम आपणच सोपं केलं. शिवाय क्रोम अशी दिलेली परवानगी साधारण आठवडाभर लक्षात ठेवतो, त्यामुळे पुढच्या वेळी ते लाल पान येतच नाही. एकीकडे सायबर भामट्यांपासून सावध राहा असं लोकांना सांगायचं आणि दुसरीकडे सरकारी पुस्तिकेत ‘प्रोसीड’ छापायचं, हे एकाच शासनाच्या नावाने चाललं आहे.

दुसरी तक्रार मुदतीची, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण येती दोन-तीन वर्षं याच जागी सगळ्यात जास्त अडचण होणार आहे. आपल्याकडे सर्टिफिकेट विकत घ्यायचं म्हणजे नस्ती हलते: टिपणी, कोटेशन, मंजुरी, पुरवठा आदेश, बिल. वर्षातून एकदा हे होत होतं तरी मुदत हुकत होती. कधी कंत्राटदाराचा देखभाल करार संपलेला असायचा, कधी आठवणीचा ईमेल बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जायचा. आता ब्राउझर बनवणारे आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये नियम ठरवला आहे. २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून नवं सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचं, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवसांचं आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवसांचं मिळेल. म्हणजे वर्षात किमान आठ वेळा नूतनीकरण. आठ वेळा नस्ती फिरवून दाखवा.

यावरचा उपाय जुना आहे आणि फुकट आहे. ‘एसीएमई’ नावाची पद्धत २०१९ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात सर्व्हरच स्वतः सर्टिफिकेट मागतो, नावावरचा ताबा सिद्ध करतो आणि नवं बसवतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था अशी ९० दिवसांची सर्टिफिकेटं एक पैसाही न घेता देते. ‘फुकटचं सरकारी कामाला चालेल का’ असं बैठकीत विचारलं जातं. ब्राउझरच्या दृष्टीने फुकटचं आणि महागडं यांत काही फरक नाही. महागड्या सर्टिफिकेटवर पत्त्याच्या पट्टीत संस्थेचं नाव हिरव्या अक्षरांत दिसायचं, तेही क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच काढून टाकलं.

पण ‘ऑटोमॅटिक केलं आहे’ एवढं म्हणून चालत नाही. तिथेही ठरावीक चार जागी पाय घसरतो. एक, सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर पोर्ट ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीचं दार, बंद केलेलं असतं. ताबा तपासण्याची सोपी पद्धत त्याच पोर्टवरून चालते, म्हणून नूतनीकरण महिनोन्‌महिने गुपचूप फसत राहतं. पोर्ट उघडायचं नसेल तर डीएनएसमध्ये (साइटच्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत) नोंद टाकून ताबा दाखवायची पद्धत वापरा. दोन, नवी फाइल डिस्कवर येते पण वेब सर्व्हर रीलोड होत नाही, आणि तो स्मरणातलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत बसतो. नूतनीकरणानंतर आपोआप रीलोड होईल अशी एक ओळ ‘सर्टबॉट’ या नूतनीकरण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालता येते, ती घाला. तीन, लोड बॅलन्सरमागे (येणारी गर्दी वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन सर्व्हर असतात आणि एकावरच नवं बसतं. मग इशारा एका माणसाला येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि हेल्पडेस्क ‘आमच्याकडे तर चालतंय’ म्हणून मोकळा होतो. चार, मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत. पहारा आपणच ठेवायचा आहे. ३० दिवस उरले तरी नवं आलं नसेल तर दोन माणसांना निरोप जावा, आणि त्यांतला एक तरी कायम सेवेतला असावा.

तिसरी तक्रार नावाची. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून साइट नीट उघडते, न लावता लाल पान. नोटिशीवर मात्र न लावलेलं नाव छापलेलं. वाइल्डकार्ड म्हणजे तारांकित सर्टिफिकेट घेतलं की सगळी उपनावं (मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेली नावं) आली, हा दुसरा गैरसमज. तारा एकच पायरी झाकतो. विभागाच्या नावाआधी ‘कर’ लावलं तर ते चालेल, ‘कर’च्या आधी आणखी ‘जिल्हा’ लावलं तर चालणार नाही. त्याहून वाईट म्हणजे काही अर्ज थेट आयपी पत्त्यावर, पुढे ८४४३ सारखा पोर्ट लावून, चालतात. आकड्यांच्या पत्त्याला नावाचं सर्टिफिकेट जुळणार कसं? आणि पैसे भरताना माणूस एकाएकी कंत्राटदाराच्या ‘डॉट कॉम’वर जाऊन पडतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नावावर यायला सांगितलं, ते एवढ्यासाठीच की माणसाला शेवट पाहून खरं-खोटं ओळखता यावं. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा तसा शेवट आपल्याकडे कधीपासूनच आहे. तो सोडून बाहेर का पाठवता?

यालाच लागून साखळीचा दोष येतो. सर्टिफिकेट बसवणारा माणूस स्वतःची फाइल बसवतो आणि ब्राउझरच्या विश्वासातली मूळ संस्था आणि आपलं सर्टिफिकेट यांना जोडणाऱ्या मधल्या संस्थेची फाइल विसरतो. कार्यालयातल्या डेस्कटॉपवर क्रोम ती मधली फाइल स्वतः शोधून आणतो, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसतं. पण अनेक मोबाइल अ‍ॅप आणि इतर सर्व्हर तसं करत नाहीत आणि थेट नकार देतात. ‘फुल चेन’ असं नाव असलेली फाइल बसवली की प्रश्न मिटतो. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण डेस्कटॉपवर दिसत नाही म्हणून वर्षभर तसंच राहतं.

चौथी तक्रार सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं साधन) ब्राउझरशी जोडायला संगणकावर एक लहान प्रोग्रॅम बसवतात. तो १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकात, चालतो. पोर्टलला त्याच्याशी बोलता यावं म्हणून पुस्तिका दोनपैकी एक मार्ग सांगते: तो पत्ता उघडून ‘प्रोसीड’ दाबा, किंवा सोबतचं सर्टिफिकेट विंडोजच्या ‘ट्रस्टेड रूट’ कप्प्यात, म्हणजे संगणक ज्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो त्यांच्या यादीत, टाका. दुसऱ्या मार्गाचा अर्थ अनेक अधिकाऱ्यांना माहीत नसावा असं आम्ही समजतो. त्या कप्प्यात बसलेल्या सर्टिफिकेटची खाजगी चावी (त्याच्या जोडीची गुप्त फाइल) ज्याच्याकडे असेल, तो त्या संगणकापुरतं कोणत्याही बँकेचं ‘खरं’ सर्टिफिकेट बनवू शकतो, आणि तेव्हा लाल पान येतच नाही. चावी इन्स्टॉलरमध्येच असेल आणि सगळीकडे एकच असेल, तर डाउनलोड करणाऱ्या कुणालाही ती काढून घेता येते. लेनोवोच्या लॅपटॉपवरच्या ‘सुपरफिश’चं फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि डेलच्या ‘ई-डेल-रूट’चं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेमकं हेच झालं. दोघांनाही ते काढण्याची साधनं द्यावी लागली.

आणि गोष्ट परदेशापुरती नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकांनी, म्हणजे सीसीएने, त्या यंत्रणेची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. क्रोमने भारताच्या मूळ सर्टिफिकेटवरचा विश्वास ‘जीओव्ही डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ अशा मोजक्या नावांपुरता मर्यादित करायचं ठरवलं. ट्रस्टेड रूटचा कप्पा किती जपायचा असतो, हे आपल्या यंत्रणेला तेव्हापासून ठाऊक असायला हवं.

खरं तर या सगळ्याची गरजही नाही. क्रोम आणि फायरफॉक्स १२७.०.०.१ ला विश्वासार्ह मानतात. सुरक्षित पानावरून त्या पत्त्याशी साध्या एचटीटीपीवर, म्हणजे सर्टिफिकेटाशिवाय, बोलू देतात (नव्या क्रोममध्ये वापरकर्त्याची परवानगी घेऊन). सही करणारा प्रोग्रॅम त्या मार्गाने चालवता येतो. कोणत्या साइटची विनंती स्वीकारायची याची यादी मात्र प्रोग्रॅमने पक्की तपासायला हवी. सर्टिफिकेट लागणारच असेल तर ते प्रत्येक संगणकावर बसवताना तिथेच तयार व्हावं आणि चावी तिथेच राहावी. (सातबाऱ्याच्या पीडीएफवरचं प्रश्नचिन्ह हिरवं करायला अ‍ॅडोबी रीडरमध्ये जे ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड’ करतात, ते वेगळं. तो विश्वास रीडरपुरता असतो. पुस्तिकांत या दोन्हींची सरमिसळ होते.)

पाचवी तक्रार पळवाटेची. लाल पान नको म्हणून काही ठिकाणी ‘एचटीटीपीएस’मधला ‘एस’च काढून टाकला, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणंच सोडलं. मोठा इशारा गेला, पत्त्याच्या पट्टीत फक्त ‘नॉट सिक्युअर’ उरलं. क्रोम हे शब्द जुलै २०१८ पासून दाखवतो आहे. आता आधार क्रमांक वायफायवरून उघडा जातो. ही पळवाटही बंद होते आहे: ऑक्टोबर २०२६ मध्ये क्रोम १५४ पासून सार्वजनिक एचटीटीपी साइट पहिल्यांदा उघडताना आपणहून विचारणा होईल, असं गूगलने जाहीर केलं आहे.

सहावी तक्रार पूर्ण लाल रंगाच्या पानाची, ज्यावर ‘डेंजरस साइट’ असतं. त्याचा सर्टिफिकेटशी संबंध नाही. साइटमध्ये कुणीतरी घुसून फसवी पानं टाकली आहेत, असं गूगलच्या यादीत नोंदलं गेलेलं असतं. तिथे ‘प्रोसीड’ सांगणं म्हणजे माणसाला आगीत ढकलणं. घुसलेल्या फाइली काढा, भोक बुजवा, मग गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मधून फेरतपासणी मागा. आणि बंद पडलेल्या योजनांची उपनावं डीएनएसमधून काढा. होस्टिंग सोडलं पण नाव त्या पत्त्याकडेच बोट दाखवत राहिलं, तर ती जागा दुसरा कुणीतरी घेतो आणि आपल्या सरकारी नावाचं अगदी खरं सर्टिफिकेटही मिळवतो. जुगाराची पानं मग आपल्या नावाखाली उघडतात, तीही कोणत्याही इशाऱ्याशिवाय.

आमच्या मागण्या अशा:

पुस्तिका, फलक आणि यूट्यूबवरचे मार्गदर्शनपर व्हिडिओ यांतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसीड’ काढा. त्याजागी लिहा: ‘असे पान आल्यास माहिती भरू नका, आम्हाला कळवा’. आणि कळवायचा नंबर उचलला जाणारा असू द्या.

आपल्या नावाखालच्या सगळ्या उपनावांची यादी करा. सर्टिफिकेटांच्या सार्वजनिक नोंदवह्या कुणालाही शोधता येतात. आपल्या नावाने काय काय निघालं आहे ते तिथे दिसतं. नको ती नावं बंद करा, उरलेल्या प्रत्येकाला स्वयंचलित नूतनीकरण लावा. डीएनएसमध्ये ‘सीएए’ नावाची नोंद टाकून ठरवा की आपल्या नावाचं सर्टिफिकेट कोणत्या संस्थेने द्यायचं. हे सहा महिने सुरळीत चाललं की मगच ‘एचएसटीएस’ (ठरावीक काळ ही साइट फक्त एचटीटीपीएसवरच उघडायची, अशी ब्राउझरला सूचना) चालू करा, तेही आधी ३०० सेकंद, मग आठवडा, मग वर्ष. घाई केली आणि मुदत हुकली तर ‘प्रोसीड’चं दारच राहणार नाही आणि साइट सगळ्यांना बंद होईल.

ट्रस्टेड रूटमध्ये काहीही टाकायला सांगणारं सही-सॉफ्टवेअर पुढच्या करारात स्वीकारू नका. सध्याचं असेल तर पुरवठादाराकडून लेखी घ्या की खाजगी चावी प्रत्येक संगणकावर वेगळी आहे.

देखभाल करारात सर्टिफिकेट हुकल्याच्या प्रत्येक दिवसाचा दंड लिहा. सुरक्षा ऑडिट एकदा होतं, सर्टिफिकेट दर काही आठवड्यांनी संपतं. ऑडिटचा कागद दाखवून जबाबदारी झटकू देऊ नका.

आणि जिच्यासाठी पैसा लागत नाही ती मागणी: ज्या दिवशी साइट इशारा दाखवत होती, तो दिवस मुदतीतून वगळा. विलंब शुल्क, शास्ती, बाद झालेला अर्ज, काहीही नागरिकाच्या माथी मारू नका. ब्राउझरचं ऐकून जो थांबला त्याला दंड आणि ज्याने ‘प्रोसीड’ केलं त्याला पावती, असा हिशोब आज चालतो आहे.

पुस्तिकेतली ओळ खोडायला निविदा लागत नाही. ती सात दिवसांत निघावी. उपनावांची यादी तीस दिवसांत आणि स्वयंचलित नूतनीकरण नव्वद दिवसांत व्हावं. सर्व्हरवर बसून हे करून द्यायला आमच्यातले काही जण विनामूल्य तयार आहेत. तोवर आमच्या खिडक्यांवर लाल पान आलं की अर्ज तिथेच थांबेल, आणि त्या पानाचा फोटो तारीख-वेळेसह अर्जदाराच्या हातात दिला जाईल.

कळावे,

आपले,
सेवा केंद्रांच्या खिडक्यांत आणि सर्व्हर रूममध्ये बसणारे आम्ही काही जण